दर हिवाळ्यात गिझरची कॉइल जळते? नवी टाकण्याआधी जुनी नीट बघा (सोलापूरकरांसाठी)

सोलापुरात बहुतेक घरांत गिझर वर्षातले जेमतेम चार महिने चालतो. मार्च लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच दुपारी अंगावर घेववत नाही, आणि गिझर विसरला जातो. मग दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे कुणीतरी बटण दाबतं. दिवा लागतो, पण पाणी गारच येतं. नाहीतर बटण दाबताक्षणी सगळ्या घराची वीज जाते. वायरमन येतो, कॉइल बदलतो. तो हिवाळा निभावतो, आणि पुढच्या वर्षी गड्ड्याची जत्रा भरायच्या सुमारास पुन्हा तीच रड.

दुरुस्तीच्या कामात ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. ‘कंपनीच बेकार निघाली’ असं म्हणत तिसऱ्या कंपनीचा गिझर लावलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्या तिसऱ्याचीही कॉइल गेलेली पाहिली आहे. पाणी तेच, वायरिंग तेच, तापमानाची चाकी फिरवायची सवय तीच, तर नुसतं नाव बदलून काय होणार? आधीची कॉइल कशामुळे गेली हे न बघता टाकलेली नवी कॉइल त्याच वाटेनं जाते. आणि कारण शोधायला लांब जावं लागत नाही, ते बहुतेक वेळा त्या जळक्या कॉइलवरच दिसतं. म्हणून पहिली विनंती ही की, काढलेली कॉइल मेकॅनिकबरोबर भंगारात जाऊ देऊ नका. मागून घ्या, पुसा आणि उजेडात धरून बघा.

कॉइलवर काय दिसतं

कॉइल म्हणजे तांब्याची किंवा स्टीलच्या जातीच्या मिश्रधातूची वाकवलेली नळी. तिच्या आत मधोमध बारीक तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. नळीला बारीकशी चीर पडली तरी पाणी त्या पुडीत शिरतं, पूड ओली होते आणि वीज बॉडीवर, म्हणजेच टाकीतल्या पाण्यावर उतरते.

नळीवर खडूसारखा जाड पांढरा किंवा पिवळसर थर असेल आणि त्याखाली कुठेतरी नळी फुगून फाटलेली असेल, तर दोष जड पाण्याचा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा हेच निघतं.

थर फारसा नाही, पण नळीचा वरचा भाग काळानिळा पडलाय, फोड आल्यासारखा झालाय किंवा वितळलाय, आणि खालचा भाग त्या मानानं ठीक आहे? मग ती कॉइल कोरडी तापली. टाकीत पाणी कमी असताना गिझर चालू राहिला.

नळी स्वच्छ आहे, पण जिथं वायर जोडतात त्या पट्ट्या काळ्या झाल्यात आणि वायरचं प्लॅस्टिक करपलंय, तर जोडणी ढिली होती. अशा वेळी पुष्कळदा कॉइल चांगलीच असते आणि उगाच बदलली जाते.

नळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलीत, आजूबाजूला हिरवट किंवा तांबूस डाग आहेत, तर धातू गंजानं खाल्लाय. तेव्हा टाकीतली मॅग्नेशियमची कांडी संपलेली असण्याची दाट शक्यता असते. तिच्याकडे नंतर येतो.

आपलं पाणी

सोलापूरच्या खाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि वर काळी माती. शेतात नांगरताना पांढऱ्या चुनखडीचे खडे वर येतात ते सगळ्यांनी पाहिले असतील. पावसाचं पाणी याच माती-खडकातून झिरपत बोअरला येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेऊन येतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं आहे. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसेल, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडत असतील, बादलीच्या कडेला पापडी धरत असेल, तर ते गिझरला सोसणारं पाणी नाही.

गार पाण्यात हा क्षार निमूट विरघळलेला असतो. पाणी तापलं की त्यातला बायकार्बोनेट मोडतो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, बाहेर पडते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, इथं उलटं होतं. आणि सगळ्यात गरम जागा कोणती, तर कॉइलची नळी. म्हणून थर आधी तिच्यावर बसतो. साधारण 60 अंशांच्या पुढे हे फार झपाट्यानं होतं.

साधा हिशेब करून बघा. घरात रोज 50 लिटर गरम पाणी लागतं असं धरू. चार महिन्यांत 6000 लिटर पाणी त्या टाकीतून गेलं. लिटरमागे फक्त 100 मिलिग्रॅम क्षार आत राहिला तरी तो 600 ग्रॅम होतो. अर्ध्या किलोहून जास्त चुनखडी, पंधरा लिटरच्या टाकीत, आणि तीही मुख्यतः कॉइलवर आणि बुडाशी.

यातली फसवी गोष्ट अशी की बाहेरून काहीच कळत नाही. थर बसला की वीज जास्त लागते असं सर्रास सांगितलं जातं. इलेक्ट्रिक गिझरच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे. ती 2000 वॅटची असेल तर तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच जाणार, दुसरीकडे जायला जागा नाही. बिल जवळपास तेवढंच येतं, पाणी जवळपास तेवढ्याच वेळात तापतं. फरक पडतो तो नळीच्या आत. थर उष्णता अडवतो, त्यामुळे तीच उष्णता पाण्यात ढकलायला नळीला आणि आतल्या तारेला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त तापावं लागतं. असं रोज होत राहिलं की एके दिवशी नळी फाटते नाहीतर तार तुटते.

त्यामुळे बिलावर विसंबू नका, कान द्या. गिझर तापताना आतून तडतड किंवा खदखद असा आवाज येऊ लागला, की थर बसलाय असं समजा. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि फुटते, त्याचा तो आवाज. शॉवरच्या जाळीत पांढरी कच अडकते. गरम नळाची धार बारीक होते पण गार नळाची तशीच राहते. पूर्वी दोघांच्या अंघोळीला पुरणारं गरम पाणी एकाला पुरत नाही, कारण बुडाशी चुनखडीनं जागा खाल्लेली असते. यातलं काहीही दिसलं तर कॉइल जळायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात गिझर उघडून घ्या.

चाकी कमी करा

खर्च शून्य आणि उपयोग सगळ्यात जास्त असा हा उपाय आहे, आणि तरी लोक तो करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पुष्कळ घरांत तापमानाची चाकी शेवटच्या टोकाला, 70-75 अंशांना लावलेली असते. उकळत्यासारखं पाणी काढायचं आणि त्यात अर्ध्याहून जास्त गार पाणी मिसळायचं. अंघोळीला 40-42 अंश पुरतात. चाकी 50 ते 55 वर ठेवा. क्षार कमी सुटेल, कॉइल कमी वेळ तापेल, लहान मुलांच्या अंगावर चुकून गरम धार पडली तरी इजा कमी होईल. घरात माणसं जास्त असतील आणि पाणी पुरत नसेल तर मोठी टाकी घ्या, चाकी वाढवू नका.

काही गिझरना चाकी बाहेरून नसते, खालचं झाकण काढल्यावर थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागावर, बारीक स्क्रू दिसतो. तो वायरमनकडूनच फिरवून घ्या.

एक अपवाद आहे. गिझर बरेच आठवडे बंद होता आणि आत पाणी साचलेलं होतं, तर पहिली टाकी 60 अंशांच्या वर तापवून पूर्ण ओतून द्या, मग चाकी खाली आणा. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढलेले असू शकतात.

टाकी रिकामी आणि गिझर चालू

हे कारण आपल्या शहरात जास्त आढळतं आणि त्याचं मूळ पाणीपुरवठ्यात आहे. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, वर टाकी, मोटर. पाणी यायला एखादा दिवस उशीर झाला की वरची टाकी तळाला जाते.

गिझरमध्ये गार पाणी खालून शिरतं आणि गरम पाणी वरच्या थरातून निघतं. वरून दाब संपला तरी एरवी गिझरची टाकी भरलेलीच राहायला हवी. पण वरची टाकी रिकामी झाली, कुणीतरी गरम नळ उघडा ठेवला आणि खालच्या मजल्यावर कुणी गार नळ सोडला, तर गिझरमधलं पाणी आल्या वाटेनं उलटं खाली जाऊ शकतं. हे होऊ नये म्हणून गार पाण्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. तो पाणी फक्त आत जाऊ देतो, आणि दाब फार वाढला तर थोडं पाणी बाहेर सोडतो. आपल्या पाण्यात त्याच व्हॉल्व्हमध्ये चुनखडीचा कण अडकतो आणि तो नीट मिटत नाही. काही ठिकाणी तर प्लंबरनं तो बसवलेलाच नसतो, खोक्यातून निघून खिडकीत पडलेला सापडतो.

जुळे सोलापुरातल्या एका दुमजली घरात वरच्या मजल्यावरच्या गिझरची कॉइल दर हिवाळ्यात जायची. काढलेल्या कॉइलवर थर नव्हता, वरचा भाग मात्र काळा पडला होता. विचारल्यावर घरातल्या आजींनी बरोबर सांगितलं, ‘अहो, टाकीतलं पाणी संपलं की वरच्या नळातनं नुसती हवा येते, फुस्स करून.’ ती हवा गिझरमध्येही शिरत होती. व्हॉल्व्ह बदलला, आणि नळातून हवा आली तर गिझरचं बटण बंद करायचं असं घरात ठरवून घेतलं. मग ती तक्रार राहिली नाही.

तुम्हीही हेच करा. पाणी संपलं होतं आणि आता आलं आहे, अशा वेळी आधी गरम नळ उघडा, अखंड धार येऊ द्या, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच बटण दाबा. गच्चीवरची टाकी धुवायला काढाल त्या दिवशी गिझर बंद. 3 लिटरच्या इन्स्टंट गिझरला हे जास्तच लागू आहे. त्यात 3 किलोवॅटची कॉइल असते आणि 25 अंशांचं पाणी 60 ला न्यायला तिला अडीच मिनिटं पुरतात. पाणी नसेल तर कॉइल वाचायला वेळच मिळत नाही.

तापताना त्या व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी पडतं म्हणून त्याचं तोंड बंद करणारे लोक आहेत. कृपा करून ते करू नका. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर गेलं की सुमारे 200 मिलिलिटर, म्हणजे पेलाभर जास्त होतं. ते थेंब म्हणजे हेच पाणी. तोंड बंद केलं आणि त्याच दिवशी थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही सतत पाणी गळत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. बदलून घ्या.

बटण पडतं, पण कोणतं?

‘गिझर लावला की वीज जाते’ एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. बोर्डावर काय पडलं ते बघा. एमसीबी, म्हणजे करंट जास्त गेला की आपोआप पडणारं बटण, पडला असेल तर वायर किंवा कॉइल शॉर्ट आहे, भार जास्त आहे, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला होऊन तो तापतोय. आरसीसीबी पडला असेल, म्हणजे ज्याच्यावर बहुधा 30 एमए लिहिलेलं असतं आणि चाचणीचं छोटं बटण असतं तो, तर वीज कुठेतरी गळतेय.

आरसीसीबी कधी पडतो हेही महत्त्वाचं. बटण दाबताक्षणी पडला, तर कॉइल पूर्ण गेली आहे किंवा जोडणीच्या ठिकाणी पाणी पोचलंय. पाच-दहा मिनिटांनी पडला, तर नळीला बारीक चीर आहे. गार असताना ती गळत नाही, तापून पसरली की गळते. अशी कॉइल साध्या मल्टिमीटरवर चांगली दिसते आणि ‘कॉइल ठीक आहे, तुमचा बोर्डच खराब’ असं ऐकायला मिळतं. अशा वेळी मेगरनं, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणाऱ्या मीटरनं, 500 व्होल्टवर तपासायला सांगा.

आणखी एक प्रकार लोकांना फार गोंधळात टाकतो. गिझरचं बटण बंद आहे, तरी मिक्सर किंवा पंखा लावला की आरसीसीबी पडतो. बाथरूमचं साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइलच्या न्यूट्रलकडच्या टोकाला गळती असेल तर बटण बंद असूनही ती राहते. प्लग काढून बघा. तक्रार गेली तर चोर सापडला. गिझरला 20 अँपिअरचं डीपी स्विच लावा, ते फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतं.

मल्टिमीटर असेल तर, वीज पूर्ण बंद करून आणि वायरी सोडवून, कॉइलच्या दोन टोकांमध्ये मोजा. 2 किलोवॅटच्या कॉइलला साधारण 26 ओहम यायला हवेत, 3 किलोवॅटला 17-18. काहीच आलं नाही तर तार तुटली आहे. टोक आणि नळी यांच्यामध्ये मात्र काहीही दाखवता कामा नये.

दिव्यावरूनही अंदाज येतो. बहुतेक गिझरमध्ये तापण्याचा दिवा लागला पण पाणी गारच राहिलं, तर कॉइल गेली. तो दिवाच लागत नसेल तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा भाग) बघा. कटआउटचं छोटं बटण आत असतं, ते एकदा दाबून गिझर चालू झाला आणि पुन्हा काही दिवसांत उडाला, तर थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाही. तो बदला. कटआउट काढून वायर थेट जोडून देणारा माणूस घरात येऊ देऊ नका.

प्लग वितळणे

2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर खातो, 3000 वॅटचा 13. तो 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच हवा आणि मीटरच्या बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर हवी: 2 किलोवॅटला 2.5 स्क्वेअर एमएम, 3 किलोवॅटला 4. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. प्लग हाताला गरम लागतोय म्हणजे आतली पकड सैल झाली आहे. नुसता प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदला, नाहीतर नवा प्लगही जळेल. मी तर शक्य तिथं प्लग काढून टाकतो आणि वायर थेट डीपी स्विचला जोडतो.

व्होल्टेज कमी आलं म्हणून कॉइल जळत नाही. 180 व्होल्टला 2000 वॅटची कॉइल जेमतेम सव्वाबाराशे वॅटवर चालते, पाणी उशिरा तापतं, इतकंच. जास्त व्होल्टेज मात्र मारतं. 260 ला तीच कॉइल अडीच हजार वॅटच्या पुढे जाते. पूर्व भागात किंवा एमआयडीसीच्या बाजूला, जिथं घर आणि यंत्रमाग एकाच थ्री-फेज कनेक्शनवर असतात, तिथं एका खोलीतले दिवे अचानक प्रखर आणि दुसऱ्या खोलीतले मंद होत असतील तर न्यूट्रल ढिला आहे. गिझर, फ्रिज, टीव्ही सगळं बंद करा, आणि महावितरणला आणि वायरमनला लगेच बोलवा.

नळाला झिणझिण्या

इथं मी थोडा कडक बोलतो. गरम नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्या दिवशी गिझर वापरायचा नाही. ‘चप्पल घालून अंघोळ करा’ हा उपाय नव्हे. झिणझिण्या येतात म्हणजे बहुतेक वेळा कॉइल गळतेय आणि अर्थिंग काम करत नाही. आरसीसीबीही कदाचित नसेल किंवा बंद पडलेला असेल. एकापेक्षा जास्त गोष्टी एकदम बिघडलेल्या आहेत आणि ओलं अंग मध्ये आहे.

सारखा पडतो म्हणून आरसीसीबी काढून टाकलेली घरं आहेत. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून दिलेली घरंही आहेत. या दुसऱ्या प्रकारात न्यूट्रल कुठे तुटला तर गिझरची सगळी बॉडी फेजवर येते. सॉकेट उघडून हे एकदा बघून घ्या.

अर्थिंगचा खड्डाही विचारात घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडीठाक होते, आणि खड्ड्याचा जमिनीशी संबंध सुटतो. ज्यांच्या अंगणात मीठ-कोळशाचा जुना खड्डा आहे त्यांनी एप्रिल-मे मध्ये त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये 230 दाखवलं म्हणून अर्थिंग चांगलं आहे असं होत नाही. अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. आरसीसीबीचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो बदलायचा.

साफ कशी करायची

वेळ मी दसऱ्याची सुचवतो. खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं, यंत्रं पुसतो, पूजतो. त्याच आठवड्यात गिझर उघडावा, म्हणजे दिवाळीच्या पहाटे पंचाईत होत नाही. बोअरचंच पाणी असेल तर जानेवारीत पुन्हा एकदा. विजेच्या कामाचा हात नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण समोर उभे राहा.

एमसीबी बंद, प्लग बाहेर, टेस्टरनं खात्री. पाणी गार होऊ द्या. गार पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, मगच सोडवा. फ्लॅन्जचे, म्हणजे कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते तिचे, बोल्ट पान्यानं थोडे थोडे आळीपाळीनं सैल करा. खाली बादली धरा, उरलेलं पाणी आणि चुनखडीचा गाळ एकदम येतो.

कॉइलवरचा थर हातोडीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, चांगली नळी तिथंच चिरते. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्व विरघळवा आणि कॉइलची फक्त नळी त्यात बुडवा. वायर जोडायची टोकं वर, कोरडी राहिली पाहिजेत. फेस येईल. फेस थांबला आणि थर उरला तर नवं पाणी, नवं लिंबूसत्व. जाड थराला अख्खी रात्रही लागते. संडास साफ करायचं अॅसिड वापरून झटपट करणारे लोक आहेत. त्यानं थर दहा मिनिटांत जातो हे खरं, पण तांबं आणि स्टीलही खाल्लं जातं आणि ती कॉइल पुढचा हिवाळा बघत नाही.

टाकीच्या बुडातला गाळ हातानं किंवा प्लॅस्टिकच्या चमच्यानं काढा. आतून काचेचा लेप असलेल्या टाकीला लोखंडी वस्तू लागली तर लेपाचा टवका उडतो आणि तिथून गंज सुरू होतो. थर्मोस्टॅटची काडी ज्या नळीत जाते तिच्यावरचा थरही काढा, नाहीतर त्याला पाण्याचं खरं तापमान उशिरा कळतं.

मॅग्नेशियमची कांडी याच वेळी बघा. ती टाकीच्या बदली स्वतः झिजते, म्हणून टाकी वाचते. क्षारयुक्त पाण्यात ती लवकर संपते. निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा आतली तार दिसू लागली असेल तर नवी टाका. कॉइलवर शेकडो रुपये घालणारे लोक या कांडीला कधी हात लावत नाहीत, आणि टाकी मग दोन-तीन वर्षांत पाझरू लागते.

परत बसवताना रबरी गॅस्केट नवं घाला. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. आधी पाणी भरा, गरम नळातून अखंड धार येऊ द्या, जोड कोरडा आहे का ते कापडानं पुसून बघा, वायरी फोटोप्रमाणे घट्ट जोडा आणि शेवटी वीज.

पाणीच बदलता आलं तर

पुष्कळ घरांत बोअरच्या आणि नळाच्या पाण्याच्या अशा दोन टाक्या असतात. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बोअरचं बाथरूमला. दोन्ही पाण्यांचा जडपणा दुकानात मिळणाऱ्या चाचणी-किटनं मोजा. नळाचं हलकं निघालं, तर गिझरची गार पाण्याची लाइन त्या टाकीवरून घेता येते का हे प्लंबरला विचारा. एकदाच पाइपचा खर्च आहे, आणि दिवसाला 50 लिटर म्हणजे काही फार पाणी नाही.

ते शक्य नसेल तर गिझरच्या तोंडाशी फॉस्फेटच्या खड्यांचा छोटा फिल्टर बसवता येतो. तो क्षार काढत नाही, पण घट्ट चिकटू देत नाही. खडे संपले की भरावे लागतात, आणि चाकी 60 च्या खाली असेल तरच त्याचा नीट उपयोग होतो. मिठावर चालणारा सॉफ्टनर सगळ्या घराचं पाणी हलकं करतो, मात्र त्याला वेळच्या वेळी मीठ आणि धुण्यासाठी जास्तीचं पाणी लागतं, ते मनात धरूनच घ्यावा. पाइपला बाहेरून लावायच्या चुंबकावर मी स्वतः पैसे घालणार नाही.

उन्हाळ्यात बंद ठेवताना

मार्चमध्ये शेवटची अंघोळ झाली की डीपी स्विच बंद करा आणि खालच्या निचऱ्यातून टाकी रिकामी करा, म्हणजे सुटा गाळही निघून जाईल. मुलं उत्साहानं बटण दाबतात, म्हणून स्विचवर कागद चिकटवा: ‘टाकी रिकामी आहे.’ पाणी तसंच ठेवलं तर पुढच्या हंगामात कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू आणि मॅग्नेशियमची कांडी यांच्यातून तो वायू तयार होतो. टाकी रिकामी करून, धुऊन, एकदा 60 च्या वर तापवलं की बहुधा वास जातो.

आणि पाणी जोडातून नाही तर टाकीच्या अंगातूनच पाझरत असेल, बाहेरच्या पत्र्याखालून तांबूस ओघळ येत असेल, तर त्यावर वेल्डिंग, एम-सील, नवी कॉइल काहीही करू नका. ती टाकी संपली. नवा गिझर घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: जड पाण्यासाठी टाकीला आतून कोणता लेप आहे, आणि मॅग्नेशियमची कांडी सोलापुरात सुटी मिळते का. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा.